बाबा वर गेले

आमच्या घरात 'वर गेले' म्हणायला बंदी आहे. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे, म्हणजे दिवसभर वरच. पण शेजारणीनं विचारलं की आई सांगायची, "कामाला गेलेत." 'वर गेलेत' म्हटलं असतं तर ती बिचारी डोळे पुसतच घरात शिरली असती. सकाळी निघताना बाबा चुकून 'जातो' म्हणाले, तर आई त्यांना दारात अडवून 'येतो' म्हणवून घ्यायची, मगच सोडायची.

गंमत म्हणजे लिफ्टवाल्याची बायको असून ती स्वतः लिफ्टमध्ये पाय ठेवत नाही. दोष बाबांचाच. कोण कुठे अडकलं, कोण किती किंचाळलं, हे ते रोज जेवताना तिखटमीठ लावून सांगायचे.

बाबा निवृत्त झाले आणि आम्ही तिघं ताईच्या बाळाला बघायला निघालो. वाटेत एका अफाट शहरात विमान बदलायचं होतं. मधले काही तास मोकळे. विमानतळाबाहेर पडल्यावर बाबांनी मान जी वर केली ती खाली येईचना. इथल्या सगळ्यात उंच इमारतीची लिफ्ट कानाला दडे बसवते, असं त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. आम्ही थेट तिथंच!

"जन्मभर लिफ्टच्या टपावर बसून फिरलो," ते आईला म्हणाले. "एकदा आत उभं राहायचंय. तुझ्याशेजारी. बस्स."

"विमान चुकेल."

"नाही गं चुकत."

"तुम्ही या जाऊन. मी इथंच बरी."

बाबांचा चेहरा पडला, पण लिफ्ट समोर असताना त्यांचे पाय कुठले थांबायला! रांग सरकली, चकचकीत दार उघडलं, ते आत शिरले. उत्साहाच्या भरात 'येतो' म्हणायचं राहूनच गेलं.

तेवढ्यात आत्याचा फोन. आवाज तुटत होता. "दादा कुठाय?"

मी आनंदानं ओरडले, "आत्या, बाबा वर गेले!"

पलीकडून एकदम हंबरडाच. "अगं, कसा गं? सकाळी तर बोलला माझ्याशी!"

"अगं, लिफ्टनं!"

"लिफ्ट पडली?"

आईनं फोन हिसकावला. "वन्सं, रडू नका. धडधाकट आहेत. लिफ्टमध्ये बसून वर... म्हणजे मजले बघायला गेलेत. हो, एकटेच."

'एकटेच' म्हणताना तिचा आवाज बारीक झाला. मग ती दारावरचे आकडे बघत राहिली. "येतो म्हणाले नाहीत गं," ती दोनदा पुटपुटली. लग्न झाल्यापासून रोज संध्याकाळी ही बाई अशीच वाट बघत आली असणार.

दार उघडलं. बाबा जवळजवळ उड्या मारतच बाहेर आले. "धक्का नाही, खडखड नाही! कधी निघाली, कधी पोचली, पत्ताच नाही! ढग खाली होते, खाली!" मग आईकडे बघून हळूच म्हणाले, "पण शेजारी कुणी परकाच उभा होता."

आईनं तिची पर्स माझ्या हातात कोंबली. "चला. विमान चुकलं तर तुमच्या नावानं खडे फोडीन."

तिनं त्यांची बाही गच्च धरली होती, डोळे आधीच मिटले होते. दार बंद होता होता दोघं एकदमच म्हणाले, "येतो गं!"

पुन्हा फोन वाजला. आत्याच. "आला का दादा खाली?"

"आत्या, आता रडायचं नाही हं," मी म्हणाले. "दोघंही वर गेलेत. पण येतो म्हणून गेलेत."