मागच्याने फाटक लावायचं

कालव्याकाठच्या रविवारच्या पायपिटीचा म्होरक्या म्हणजे इद्वल प्रॉसर. तीस वर्षं त्याचा एकच नियम होता: "मागे राहील त्याच्यासाठी कुणी थांबायचं नाही. त्याने मेंढ्यांच्या कुरणाचं फाटक लावून यायचं." बायकोचा, नेस्टाचा पाय मुरगळला, तेव्हाही तिला पुलाच्या कठड्यावर बसवून हा पठ्ठ्या पुढे गेला. वर "मेंढ्यासुद्धा तुझ्यापेक्षा चपळ गं!" असं ऐकवलं. सगळे खो खो हसले.

यंदा इद्वलचा गुडघा गेला. आता सगळ्यांच्या पुढे नेस्टा चालत होती.

"नेस्टा, अगं थांब ना जरा!"

नेस्टा वळली. मनुकांच्या केकचा तुकडा तिने फाटकाच्या खांबावर ठेवला.

"खाऊन घे. आणि फाटक नीट लाव हं. मेंढ्या चपळ असतात."