लेमन पोटाचा भारीट

भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांत मिळून आमच्या साडूंइतका विनाकारण डोळस माणूस दुसरा नसेल. हे मी कौतुकानं म्हणत नाही. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. भोरच्या पेठेत त्यांचं ब्लाऊजपिसांचं मॅचिंग सेंटर. दुकान एवढंसं, की आत दोन बायका शिरल्या तर तिसरीनं पायरीवर उभं राहायचं, पण त्यात नुसत्या पिवळ्याचेच इतके प्रकार की बघणाऱ्याला कावीळ व्हावी. लेमन, हळदी, मोहरी, आंबा, बिस्किट. तुम्हाआम्हाला जे एक पिवळं दिसतं त्याचे हे गृहस्थ अर्धा तास तुकडे पाडत बसायचे. गिऱ्हाईक कंटाळून म्हणायचं, "चालंल ओ, द्या हेच." त्यावर साडू, "तुम्हाला चालेल हो, मला चालत नाही. उन्हात नेऊन बघा." मग साडी, पीस आणि ती बाई अशी वरात भर रस्त्यात उन्हात. तिथंही रंग जुळला नाही तर पीस काढून घेऊन बाईला परत पाठवायचे. असा धंदा करून हा माणूस उपाशी मेला नाही, याचं श्रेय त्यांच्या बायकोच्या शिलाई मशीनला.

एवढ्यावर थांबते तर मी काही बोललो नसतो, पण हाच डोळा त्यांनी पाखरांवर चालवला. सुट्टीच्या दिवशी गळ्यात दुर्बीण, पिशवीत भाकरी आणि सोबतीला मी, कारण दुसरं कुणी जायला तयार नव्हतं. एकदा हिर्डोशीला एका झुडपात दोन वटवटे होते. दोन्ही सारखेच मळकट, सारखेच चिमूटभर. ते एकाच जातीचे की दोन, यावर साडू तासभर उकिडवे बसले. मागून भोरची शेवटची एसटी आली. मी हात करणार तोच त्यांनी माझं मनगट धरलं, "हलू नका, उडेल." एसटी गेली. पाखरू त्याआधीच उडालं होतं. अर्धा घाट उतरेपर्यंत मी त्यांच्याशी बोललो नाही, पण त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

पुण्याच्या पक्षी बघणाऱ्यांचा मोबाईलवर एक ग्रुप होता. साडू त्यात इमानेइतबारे लिहायचे, 'पोट लेमन, कडा बिस्किट, पाठ चटणी.' विद्वान मंडळी हसून हसून बेजार. एकानं लिहिलं, 'काका, काठ कोणता होता तेही सांगा.' साडूंनी पुन्हा आठवून उत्तर दिलं, 'काठ नव्हता.' मला त्यांची लाज वाटली आणि त्या हसणाऱ्यांचा रागही आला, पण राग मी बोलून दाखवला नाही.

आणि अशात त्यांना उत्रोलीला ते पाखरू दिसलं. माघाचे दिवस होते. भाताच्या खाचरांना लागून हौसाबाईंचं ज्वारीचं रान, दाणे भरत आलेले. थंडीत काळ्या डोक्याचे भारीट आमच्याकडे थव्यांनी येतात आणि कणसांवर बसतात. त्यांच्या माद्या म्हणजे उन्हात विटलेल्या चिमण्या. त्या गर्दीत साडूंना एक मादी निराळी दिसली. भुवई ठळक, काखेखाली बारीक रेघा, पोट लेमन. "पिवळ्या छातीचा भारीट!" ते माझ्या कानात ओरडले. "हा थंडीला आसाम-नेपाळकडं उतरतो हो. इकडं कसा आला?" मोबाईलवर फोटो काढला, त्यात एक कणीस आणि एक डाग आला. तरीही ग्रुपमधले दोन जाणकार रविवारी यायला कबूल झाले. त्यांनी डोळ्यानं बघितलं की नोंद पक्की, आणि काठाची थट्टा कायमची बंद. साडूंना त्या आठवड्यात झोप नव्हती.

पंचाईत हौसाबाईंची होती. त्या दिवसभर रानातल्या लाकडी माळ्यावर उभ्या राहून गोफण चालवायच्या. साडूंनी पाखरू दाखवून गयावया केली, तर म्हणाल्या, "लेमनचं असू द्या न्हाईतर सोन्याचं. दाणं तेच खातंय न्हवं?" मात्र शनिवारी त्यांची लेक बाळंतपणासाठी भोरच्या दवाखान्यात दाखल झाली आणि रविवारी राखणीला कुणीच उरलं नाही. साडू लगेच पुढं, "मी राखतो." बाईंनी त्यांच्याकडं नीट बघितलं. "राखशीला न्हवं भाऊ? वर्साची भाकर हाय माजी." साडूंनी शब्द दिला. मी मनात म्हटलं, उंदराला मांजर म्हणून नेमलं.

रविवारी सकाळी आम्ही दोघं माळ्यावर. पोपट आले की साडू आरोळी ठोकायचे, भारीट आले की कुजबुजत हुसकायचे, म्हणजे कडेचे उडावेत आणि मधली ती बया बसून राहावी. इतक्यात जाणकारांचा फोन आला, कापूरहोळला मिसळ खातोय, अर्ध्या तासात पोचतो. आणि फोन ठेवतो तोच सगळं रान भरून थवा उतरला. कणसं वाकली. "आहे," साडू कुजबुजले, "त्या वाकलेल्या कणसावर. भुवई बघा, रेघा बघा." मी बघितलं. मला सगळी एकाच मापाची चोरटी दिसली. खाली दाण्यांचा सडा पडत होता. मी म्हटलं, "अर्धा तास कळ काढा. खाऊन खाऊन खातील किती?"

साडूंनी दुर्बीण खाली घेतली आणि त्या सड्याकडं बघितलं. मग म्हणाले, "अहो, ती बाई विश्वासानं गेलीय." गोफण उचलली, पण त्यांचा पहिला दगड मागच्या बांधावर गेला. तेव्हा त्यांनी पत्र्याचा डबा घेतला आणि तो बडवत, घसा फोडून ओरडत रानभर पळत सुटले. अख्खा थवा उठला आणि नदीपलीकडं दिसेनासा झाला. जाणकार आले, दुपारपर्यंत बसले, पण परतले ते फक्त पोपट. "काका, उडवलंत कशाला?" एकानं विचारलं. साडू म्हणाले, "राखणीला होतो." काळ्या डोक्याच्या भारिटाची मादीच असणार, असा निकाल देऊन ते गेले. भोरपर्यंत मी साडूंना मूर्ख म्हणत आलो, आणि ते पिशवीतून राहिलेली भाकरी काढून मला देत होते.

त्याला काही वर्षं झाली. साडूंचे डोळे गेले, म्हणजे पूर्ण नाही. मोतीबिंदू काढला, पण मागचा पडदाच खराब निघाला. दुकान आता सून बघते आणि जे मागतील ते देते. दर माघात हौसाबाईंचा फोन मात्र येतो, "भाऊ, पाखरं उतरल्यात. या, तवर म्या डबा वाजवत न्हाई." त्या खरंच थांबतात. दाणे जात असतात आणि बाई माळ्यावर डबा मांडीत घेऊन बसून असतात.

यंदा दुर्बीण माझ्या गळ्यात होती. साडू शेजारी बसून विचारत होते, "भुवई? रेघा?" नुसतं हो म्हणायचं होतं. म्हातारा खूश होऊन घरी गेला असता. माझ्या तोंडाशी आलंही होतं.

"नाहीत," मी म्हणालो.

साडूंनी मान हलवली. "उन्हात बघितलंत ना?"

मी पुन्हा पहिल्या कणसापासून बघायला लागलो.