फुकटचे दोन मासे

माझ्या दुकानात पाऊल टाकलं की मास्तर आधी दोन्ही हात पाठीमागे न्यायचे. आमच्या चादरींच्या कारखान्यात वर्षानुवर्षं सूत रंगवून ते हात मनगटापर्यंत निळे-जांभळे झाले होते, साबणानं जायच्या पलीकडे. असले हात माशांच्या पाण्याजवळ न्यायचे नाहीत, असा त्यांचा नेम. ते पेटीसमोर कमरेत वाकून उभे राहायचे आणि मी काहीही विचारलं तरी एकच उत्तर द्यायचे, "आधी बघू की मालक. मग बोलू."

तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल, जो चूक आपली असते तेव्हाच नेमका बरोबर असतो. अशा माणसावर राग धरायला मन मोठं लागतं. मी तो धरला आणि अजून सोडलेला नाही.

माशांची पेटी मी हौसेनं घेतली नव्हती. माझे वडील, अप्पा, यांची उजवी बाजू गेली होती, वाचाही गेल्यात जमा होती. घरी ठेवलं तर भिंतीकडे तोंड करून पडायचे. डॉक्टर म्हणाले, त्यांना काहीतरी हलतं बघायला द्या. म्हणून दुकानात गादीशेजारी त्यांची खुर्ची मांडली आणि समोर काचेची पेटी ठेवली. आत लांब पट्टीसारखं पाणगवत आणि आठ मासे. आठवड्याभरात अप्पा सकाळी आपण होऊन दुकानाच्या दिशेनं डावा हात करायला लागले. आले की मासे मोजायचे. डाव्या हाताची पाच बोटं उघडायची, मिटायची, मग तीन बोटं दाखवायची. आठ भरले की चहा घ्यायचे.

पुढच्या थंडीत चादरींच्या कामासाठी मी पुण्याला गेलो होतो. तिथे मासेवाल्याकडून गवताची जुडी घेतली. भाव मनासारखा तोडला, तरी पिशवी उचलण्याआधी सवयीनं विचारलं, "वर काय देता?" सोलापुरात वर काही घेतल्याशिवाय सौदा पुरा झाला असं आम्हाला वाटतच नाही. तो माणूस हसला आणि त्यानं पिशवीत दोन मासे सोडले. मी खुशीत परतलो आणि गवत, मासे तसेच पेटीत सोडले.

पाचव्या दिवशी माशांच्या अंगावर रवा शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके दिसले. मासे दगडांना अंग घासत होते. दुपारपर्यंत नव्यांपैकी एक उलटा झाला. समोरचा पानवाला म्हणाला, मीठ टाका. मी मुठीनं मीठ घेतलं, तेवढ्यात कारखान्याचं काही विचारायला मास्तर आले.

"मालक, काय करायलात?"

मी सांगितलं. ते म्हणाले, मूठभरानं गवत सडेल, पाणी नासेल आणि उरलेले मासे त्या नासक्या पाण्यानंच जातील. मग वाकून बराच वेळ बघत राहिले आणि मासे कुठून आणले ते विचारलं. मी गवत विकत घेतल्याचं सांगितलं, मासे वर मिळाल्याचंही सांगितलं. जरा अभिमानानंच सांगितलं असेन.

"मग रोगबी वरच दिला की त्यानं," मास्तर म्हणाले.

दुकानात चार गिऱ्हाइकं होती. ती हसली. अप्पा हसले नाहीत, पण त्यांनी माझ्याकडे बघितलं. माझा राग आहे तो त्या वाक्यावर. मागच्या खोलीत नेऊन सांगितलं असतं तरी मला कळलं असतं.

मास्तरांच्या घरी लहानपणी माशांची पेटी होती. त्यांनी समजावलं ते असं. हा ठिपक्यांचा किडा माशाच्या अंगात असेपर्यंत त्याला औषध लागू पडत नाही. तो गळून तळाशी जातो, तिथे त्याची शेकड्यानं पिल्लं होतात आणि ती नवा मासा शोधत पोहतात. मासाच मिळाला नाही तर मरतात. म्हणून मासे सगळे बाहेर काढायचे आणि गवत, पाणी तसंच राहू द्यायचं. मासे वेगळ्या भांड्यात निळ्या औषधात ठेवायचे. ते औषध पेटीत ओतलं तर गवत मरतं. मी म्हटलं, निळा रंग आपल्या कारखान्यात पोत्यानं आहे, आणा थोडा. मास्तर पहिल्यांदा चिडले. "ते कापडाचं हाय. हे जिवाचं. औषधाच्या दुकानातून आणा."

मी पितळी घंगाळ काढलं, तेही त्यांनी परत ठेवायला लावलं. पितळ माशांना बाधतं. शेवटी मिठाईवाल्याच्या मोठ्या काचेच्या बरण्या आणल्या. बरण्यांतलं पाणी रोज काढून आदल्या दिवशी भरून ठेवलेलं घालायचं, म्हणजे तळाशी गळलेले किडे जुन्या पाण्याबरोबर जातात. औषध थेंबाथेंबानं मी घालायचो आणि थेंब मास्तर मोजायचे, रोज कामावरून सुटल्यावर. बरण्यांपाशी आणि पेटीपाशीही विजेचा दिवा टांगला, कारण थंड पाण्यात हा किडा रेंगाळतो आणि दुखणं लांबतं.

"किती दिवस?" मी विचारलं.

"चौदा."

"आठ करा."

"मी करीन हो कमी. त्या किड्याला कोण सांगणार?"

फुकटातला दुसरा मासा दुसऱ्या दिवशी गेला, तिसऱ्या दिवशी आमचा जुना एक गेला. सात उरले. रिकाम्या पेटीसमोर अप्पांनी जेवण सोडलं. घास तोंडाशी नेला की मान फिरवायचे. मी मास्तरांवर ओरडलो की तुमच्या उपायापायी म्हातारा उपाशी मरेल. मास्तरांनी अप्पांची खुर्चीच उचलून बरण्यांसमोर नेली. निळ्या पाण्यातून अप्पांनी मासे शोधून काढले. पाच बोटं आणि दोन. त्या दिवशी त्यांनी अर्धी भाकरी खाल्ली.

दहाव्या दिवशी सगळ्या माशांची अंगं स्वच्छ दिसली. मास्तर यायला वेळ होता. मी जाळी घेतली आणि पहिली बरणी पेटीकडे न्यायला लागलो. मागून आवाज आला, "ब्याड."

आमच्या घरच्या कानडीत ब्याड म्हणजे नको. अप्पांच्या तोंडून आठ महिन्यांत निघालेला तो पहिला धड शब्द, आणि तो माझ्या विरोधात. मी बरणी जागेवर ठेवली आणि मागच्या खोलीत निघून गेलो.

चौदाव्या दिवशी मास्तरांनी सातही मासे पेटीत सोडायला लावले. जाळी अर्थात माझ्या हातात, त्यांचे हात पाठीमागे. मासे गवतात शिरले, बाहेर आले. पुढचे आठ दिवस मी रोज काचेला नाक लावून ठिपके शोधले. एकही दिसला नाही. माझी भूक परत आली, गिऱ्हाइकांशी भांडायला जोर आला.

त्यानंतर मास्तरांनी मला शिस्त लावली. नवा मासा तीन आठवडे बरणीत. नवं गवत विहिरीत टाकतात त्या लाल औषधाच्या फिक्या पाण्यात बुडवून, धुऊन मगच आत. बरणीची जाळी पेटीत घालायची नाही. मी प्रत्येक गोष्टीवर घासाघीस केली. एकदाही यश आलं नाही. अप्पा मात्र आमचं भांडण रंगात येऊन ऐकायचे आणि हळूहळू मधे एखादा शब्द टाकायला लागले.

असंच दीड वर्ष गेलं. एकदा बाजार करून आलो तर कारखान्याचा माणूस म्हणाला, मास्तरांनी काम सोडलं. लेकीकडे वरंगळला गेले, सकाळच्या गाडीनं. मी तिथेच पेटलो. मला न सांगता जातो म्हणजे काय? तसाच तरातरा अप्पांपाशी गेलो आणि सांगितलं.

अप्पांना माहीत होतं. मास्तर कालच येऊन तासभर बसून गेले होते, मी बँकेत होतो तेव्हा. अप्पा एकेक शब्द जुळवत म्हणाले, "मी त्यांना विचारलं, मुलाला सांगून का नाही जात?"

"काय म्हणाले?"

"म्हणाले, मालक दिवस वाढवून मागतील. मला न्हाय म्हणता येणार न्हाय."

अप्पा पेटीकडे वळून बघत बसले. म्हटलं तर अपमानच होता तो. पण खोटं काही नव्हतं त्यात. मी महिना मागितला असता आणि पंधरा दिवसांवर तोडलं असतं.