काचेवर उभा राहणारा माणूस

फर्निचरच्या त्या दुकानात सगळे त्याला क्विंटलभाऊ म्हणत. कामाला तो विक्रेता. पण गिऱ्हाईक काचेच्या फळ्यांकडे संशयानं बघायला लागलं, की मालक त्यालाच हाक मारायचा. मग तो चपला काढून दोन ठोकळ्यांवर आडव्या टाकलेल्या टफन्ड, म्हणजे तापवून कडक केलेल्या काचेवर चढायचा आणि पोटावरून हात फिरवायचा.

"तुमची पुस्तकं माझ्याहून जड असतील, तर नका घेऊ!"

गिऱ्हाईक हसायचं आणि फळी खपायची. खाली उतरल्यावर मात्र तो हमखास बजावायचा, "वजन पेलेल, पण कडेला जपा. कोपऱ्यावर ठोसा बसला की हिचा क्षणात भुगा. सुरीसारखे तुकडे होत नाहीत, एवढंच."

"विकायचं सोडून घाबरवतोस कशाला?" मालक चिडायचा.

"लोकांच्या घरात पोरंबाळं असतात, मालक."

मग त्याची पँट ढिली व्हायला लागली. बायको डॉक्टरांकडे जाऊ म्हणायची, तो हसण्यावारी न्यायचा. शेवटी गेले, तोवर पोटातलं दुखणं हाताबाहेर गेलं होतं. दुकानात त्यानं कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. शर्टाच्या आत दोन स्वेटर चढवून, घामाघूम होत तो काचेवर उभा राहायचा.

एके दुपारी एक गिऱ्हाईक म्हणालं, "असला काडीपैलवान काय, कुणीही उभा राहील!"

सगळे खो खो हसले. तोही हसला. उतरताना मात्र त्याला कपाटाचा आधार घ्यावा लागला. मागच्या गोदामात तो स्वेटर काढत बसला होता, तिथं मालक आला आणि बघतच राहिला.

"अरे, सांगायचं तरी!" मालक म्हणाला. "उद्यापासून बिलाच्या टेबलावर बस."

"आणि काचेवर?"

"वाळूच्या गोण्या ठेवू."

दुसऱ्या दिवशी तो कामावर गेला नाही, त्यानंतरही नाही.

"गोण्या काय बोलणार गं?" तो बायकोला म्हणाला. "कडेचं कोण सांगणार लोकांना?"

"कोणी नाही," ती म्हणाली. खोटं बोलणं तिला जमलं नाही.

दुकानातल्या कुणाला घरात घेऊ नकोस, असं त्यानं तिला निक्षून सांगितलं होतं. त्यामुळे मालक दोघातिघांना घेऊन आला, तेव्हा तिनं दारातूनच परतवलं. "झोपलेत हो."

तो जागाच होता. जिन्यावरची त्यांची पावलं विरेपर्यंत कान देऊन ऐकत होता.

"बोलवायचं होतंस," तो पुटपुटला.

"अहो, तुम्हीच तर..." ती धावत खिडकीशी गेली. रस्त्यावर कुणी नव्हतं.

तिनं निरोप धाडला. सकाळी मालक एकटाच आला. पण तोवर क्विंटलभाऊला माणसं ओळखू येईनाशी झाली होती. कुणीतरी अनोळखी बसलंय, अशा नजरेनं तो मालकाकडे बघत राहिला. मालक त्याचा हात हातात घेऊन दुपारपर्यंत बसला. ती दारातच उभी होती.