उद्घाटनात बुडालेला खेळ

वहिनींचा फोन आला तेव्हा माझ्या अकोल्याच्या दुकानात एका लग्नाचा फ्लेक्स छापून निघत होता. "भाऊ, हे गेले," एवढंच त्या म्हणाल्या. अमरावतीचे निवृत्त क्रीडाशिक्षक दिलीपभाऊ, माझे पंचवीस वर्षांपासूनचे मित्र, सकाळी फिरून आले आणि खुर्चीत बसल्या बसल्या गेले. महिना होत आला, पण मला एका जागी बसवत नाही. दुकानात गेलो की घरी यावंसं वाटतं, घरी आलो की दुकानात.

निवृत्तीनंतर लोक नातवंडं खेळवतात, यांनी डिस्क गोल्फ काढलं. म्हणजे गोल्फच, पण चेंडूऐवजी प्लास्टिकची चकती आणि खड्ड्याऐवजी साखळ्या लावलेला लोखंडी खांब. कमीत कमी फेकींत चकती साखळ्यांत अडकवायची आणि पुढच्या खांबाकडे निघायचं. तसले खांब इकडे कुठे मिळणार! त्यांनी वेल्डरकडून करून घेतले, बैल बांधायच्या साखळ्या लावून. मग स्कूटरला चकत्यांची पिशवी अडकवून भातकुली, मूर्तिजापूर, शाळा-शाळा पालथ्या घातल्या. "यानं नोकरी लागते का?" असं विचारणाऱ्या बापाच्याही हातात ते चकती द्यायचे, "पयले फेकून तं पाहा!"

पहिल्या स्पर्धेची जाहिरात माझ्याकडे होती, आणि तिची माती मीच केली. तिवशाजवळचं मोकळं वावर, नऊ खांब, अमरावती-अकोल्याचे चाळीसेक खेळाडू. पुढारी असल्याशिवाय पब्लिक येत नाही, हे माझं तत्त्वज्ञान. फ्लेक्सवर पुढाऱ्याचा चेहरा बैलगाडीच्या चाकाएवढा, चकती बटणाएवढी. वेळ सकाळी नऊची, साहेब उगवले दुपारी दोनला. "पोरं उन्हात तापून राहिले, सुरू करू ना," दिलीपभाऊ पुन्हा पुन्हा म्हणत होते आणि मी अडवत होतो. उद्घाटनाआधी खेळ? लोक काय म्हणतील? मग हार, शाल-नारळ, ज्याला त्याला भाषण... चौथ्या खांबापाशी दिवस मावळला. अकोल्याची मुलं एसटी गाठायला पळाली. खांब उपटताना दिलीपभाऊ म्हणाले, "सुधाकरभाऊ, पब्लिक तं तुमी आणली. खेळ काहून नाई होऊ दिला?"

रागावले असते तर बरं झालं असतं. महिन्याभरात गडी पुन्हा दुकानात हजर! "दुसरी स्पर्धा घेऊन राहिलो. या वेळी फ्लेक्स नाई. फक्त तुमी या." मी लग्नसराईचं निमित्त सांगितलं. माझ्यासाठी त्यांनी स्पर्धा पुढे ढकलली आणि ती राहूनच गेली. खरं म्हणजे त्या मुलांना तोंड दाखवायची लाज वाटत होती. तेच आता आतून कुरतडतं. मी हो म्हटलं असतं तर त्यांची एक स्पर्धा तरी त्यांच्या डोळ्यांदेखत पूर्ण झाली असती.

परवा अमरावतीला गेलो. वहिनींनी त्यांच्या खोलीतली एक वही हातात दिली. दुसऱ्या स्पर्धेचं सगळं टपोऱ्या अक्षरात लिहिलेलं. वेळ, सकाळी सात. उद्घाटक, कोणी नाही. भाषण, कोणी नाही. पहिली चकती, सुधाकरभाऊ.

मी? इतक्या दिवसांत मी चकती एकदाही हातात धरली नव्हती. नुसती छापली. "त्याईले खात्री होती, तुमी येनार," वहिनी म्हणाल्या, आणि मला रडू आवरलं नाही.

वही आता माझ्या काउंटरवर उघडी असते. येत्या रविवारी त्याच वावरात दुसऱ्या स्पर्धेला सगळ्यांना बोलावलंय. संध्याकाळी दुकानामागच्या मोकळ्या जागेत मी फेकून बघतो. चकती दरवेळी भलतीकडेच जाते. रविवारचीही पहिली चुकणार, हे मला माहीत आहे. खेळाडूंना फोन करून सांगून ठेवलंय... सातला मी आलो नसलो, तरी थांबायचं नाही. फेकायला लागा.