एवढी पोरं नाचतात, स्वयंपाक कोण करतं?

सुलभाकाकू आज सकाळी गेल्या. त्यांनी मळलेली कणीक फ्रिजमध्ये अजून तशीच आहे.

कणीक मळून झाली, सुनेला म्हणाल्या, "जरा पाठ टेकते," आणि उठल्याच नाहीत. हार्ट अटॅक.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: काकू इथे न्यू जर्सीत, पार्सिपनीला, आमच्या शेजारच्या बिल्डिंगमध्ये मुलाकडे राहायच्या. शाळा सुटल्यापासून माझी रिया त्यांच्याकडेच असायची. मी ऑफिसातून तिला घ्यायला गेले की माझा चेहरा बघून आधी चहा टाकायच्या, मग बोलायच्या.

आणि टीव्हीवर तेच चाललेलं असायचं.

जुने अमेरिकन सिनेमे. बीच, सर्फबोर्ड, रंगीत छत्र्या, आणि काही कारण नसताना गाणारी पोरंपोरी. एका चॅनेलवर दुपारी लागायचे. पुढे काकूंनी मला लायब्ररीतून डीव्हीडी आणायला लावल्या.

गोष्ट काय, तर तो रुसतो, ती रुसते, मध्येच सगळे नाचतात, शेवटी गोड होतं. मला जांभया यायच्या.

"काकू, काय बघता हो यात?"

"तू नीट बघ. एवढी पोरं सकाळपासून समुद्रावर आहेत. यांचा स्वयंपाक कोण करतंय?"

मी बघितलं. खरंच, कुणीच करत नव्हतं.

"जेवायला काय आहे, असं विचारतसुद्धा नाहीत गं. कुणाची सासू येत नाही, कुणी डबा भरत नाही. बरं वाटतं बघायला."

रिया ओरडायची, "आजी, नो टॉकिंग! दे आर डान्सिंग!"

एकदा मी डीव्हीडीच्या कव्हरवरचं साल वाचून दाखवलं. काकूंनी ते कव्हर हातात घेतलं.

"त्याच साली मी लग्न होऊन कराडला आले. घरात माणसंच माणसं. सकाळच्या पंगती उठेपर्यंत संध्याकाळच्या भाकरी थापायची वेळ व्हायची."

मग स्क्रीनकडे बघत म्हणाल्या, "आणि तेव्हा इकडे हे चाललं होतं होय! मला कुणी सांगितलंच नाही."

आम्ही दोघी खूप हसलो. पण त्यानंतर मला जांभया आल्या नाहीत.

दिवसभर कॉल्स, कुणाचा तरी सर्व्हर डाऊन, घरी आलं की कुकर. मीही त्यांच्या शेजारी बसून ती खुळी गाणी बघायला लागले. ज्यांना आज काहीच करायचं नाहीये अशा माणसांकडे नुसतं बघत बसण्यात केवढा आराम असतो, ते दमलेल्या बाईलाच कळेल. ती आपली तरुणपणची आठवण नसली तरी चालतं. उसनी चालते.

"मला एक दिवस असा समुद्र पाहिजे," काकू म्हणाल्या होत्या.

मग मागच्या समरमध्ये नेलं की आम्ही. चार फॅमिलीज, जर्सी शोअर. मी सगळ्यांना बजावलं होतं, काकूंनी काहीही करायचं नाही, तिकडेच पिझ्झा खाऊ.

आपल्या माणसांना बजावून काय उपयोग! निघताना बघते तर काकूंच्या दोन्ही हातांत पिशव्या. तिखटमिठाच्या पुऱ्या, बटाट्याची भाजी, दहीभात, भडंग, त्यात घालायला कांदा वेगळा.

"अगं, लहान मुलं आहेत बरोबर. बाहेरचं काय घालणार त्यांना?"

झालं. पार्किंगजवळच्या पिकनिक टेबलवर पंगत बसली.

"काकू, लोणचं आहे का?"

"काकू, अजून दोन पुऱ्या."

वाळू उडत होती, म्हणून काकू डबे झाकत तिथेच उभ्या. पुरुष मंडळी पाण्यात डुंबून पुन्हा भुकेली होऊन आली. त्यांना वाढून, सगळं आवरून होतंय तोच कुणीतरी म्हणालं, ट्रॅफिक लागायच्या आत निघूया.

समुद्र काकूंनी गाडीच्या काचेतून बघितला.

मग म्हणाल्या, "ती पोरं उपाशीपोटी कशी काय नाचतात गं?"

या हिवाळ्यात आम्ही ठरवून टाकलं. फक्त मी, त्या आणि रिया. शाळेला सुट्टी लागली की पहिला शनिवार. बरोबर काही म्हणजे काही न्यायचं नाही.

"भडंगसुद्धा नाही?"

"नाही."

"रियापुरता दहीभात?"

"काकू, एकही डबा नाही."

"रिकाम्या हातानं जायचं?" त्यांना खरोखर काळजी वाटत होती. "मला जमेल का गं?"

तो शनिवार पुढच्या आठवड्यात आहे.

आत्ताच त्यांच्या घरून आले. गेलेल्या माणसाच्या घरी चूल पेटवत नाहीत, म्हणून कॉम्प्लेक्समधल्या बायका पिठलं-भात घेऊन आल्या होत्या. काउंटरवर फॉइलचे ट्रे, वाढायला दुसऱ्याच कुणीतरी, आणि शेगडी थंडगार. मी त्या किचनमध्ये रोज जायचे. असं कधी बघितलं नव्हतं.

सून फ्रिज उघडून उभी होती. "ताई, या कणकेचं काय करू?"

राहू दे आजच्या दिवस, म्हटलं.

घरी येऊन रियाला सांगितलं, आजी गेली, आता परत येणार नाही.

तिनं थोडा विचार केला. "डिड शी टेक हर डबा?"

"नाही गं. काहीच नाही नेलं."

तेव्हा रडू आलं. सकाळपासून आलं नव्हतं.

काकू, जमलं हो तुम्हाला.

आता कुणी काही मागितलं तरी उठू नका. बसून राहा.

नमस्कार करते.