बॉनेटवरचा हात

नवी कोरी गाडी मुळात घाण असते, हे लोकांना पटत नाही. कागदपत्रं हातात, सीटवरचं प्लास्टिक अजून तसंच, आत नव्या रबराचा वास, आणि आमच्या गल्लीतला गाड्या धुणारा कारागीर, उस्ता बयूमी, म्हणणार, आधी स्वच्छ करून घेऊ. गिऱ्हाईक दुखावल्यासारखं बघे. बयूमी वाद घालत नसे. भाजीची एक पातळ प्लास्टिकची पिशवी काढून तो ती गिऱ्हाइकाच्याच हातावर चढवायचा आणि म्हणायचा, "आता फिरवा हळूच. लेकराच्या पाठीवरून फिरवता तसा." नुसत्या बोटांना गुळगुळीत लागणारा पत्रा पिशवीतून रव्यासारखा खरखरीत लागे. माणूस हात मागे घेई. लग्न ठरल्यावर स्थळाबद्दल काहीतरी कानावर यावं, तसा बहुतेकांचा चेहरा होई.

सुएझच्या बंदरात गाड्या जहाजातून उतरतात आणि महिनोन्महिने उघड्या आवारात उभ्या राहतात. खारा वारा, सिमेंटची धूळ, मालगाडीच्या रुळांवरून उडणारा लोखंडाचा कीस, सगळं त्यांच्यावर बसतं. कीस सगळ्यात वाईट, असं बयूमी सांगे. तो डोळ्यांना दिसत नाही, रंगात रुतून बसतो आणि तिथेच गंजतो. पांढऱ्या गाडीवर नारिंगी ठिपके उठायला लागले की मालक कारखान्याला शिव्या देतो.

बयूमी राहतो त्याच इमारतीत मी तळमजल्यावर राहते. अरबाईन भागातल्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाले, आणि माझ्या खिडकीसमोरच्या सावलीत बयूमीचं काम चाले, म्हणून त्याची पद्धत मला पाठ आहे. आधी नुसतं पाणी सोडायचं, फडकं लावायचं नाही. मग एक औषध फवारायचं, त्याने लोखंड विरघळून जांभळे ओघळ येतात. ते धुतलं की साबणाचं पाणी, आणि मग चिकणमातीसारखा मऊ गोळा. हा गोळा चपटा करून तो सरळ रेषेत पुढे-मागे फिरवायचा, गोल कधीच नाही. सुरुवातीला खसखस आवाज येई, मग कमी होत होत थांबे. आवाज थांबला की तो पुढे सरके. गोळा जमिनीवर पडला तर धुऊन पुन्हा वापरत नसे, सरळ टाकून देई. खडा चिकटला तर आपणच गाडी ओरबाडू, म्हणे. शोरूमवाले त्याच्याकडे गाड्या पाठवत ते याच सावधपणामुळे.

त्याची बायको सनिय्या तिसऱ्या मजल्यावरून दुपारी चहा घेऊन खाली येई आणि भिंतीला टेकून त्याचं काम बघे. तिची जीभ तिखट. "गाडीला इतका चोळतोस, घरातली बादली कधी घासलीस का?" असं ती एकदा माझ्यादेखत म्हणाली. बयूमी मान वर न करता म्हणाला, "बादलीला कुणी पिशवी घालून हात लावत नाही." दोघं असं बोलत, आणि मग एकाच पेल्यातला चहा पीत.

त्यांचा एकुलता मुलगा नादिर माझ्या वर्गात होता. नकाशात नाईल नदी काढताना ती समुद्रातून निघून डोंगराकडे वाहणारी काढायचा, आणि चूक दाखवली की हसायचा. मोठा झाल्यावर कुवेतला बेकरीत राबला आणि परत आला तेव्हा त्याने पांढरी नवी गाडी घेतली, सुएझहून ऐन सुखनाच्या किनाऱ्यापर्यंत प्रवासी न्यायला. घरात कधी नवी गाडी आली नव्हती. बयूमीने आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या पुसल्या होत्या. मुलाची गाडी त्याने अशी स्वच्छ केली की तिच्यात बाल्कनीतले वाळत घातलेले कपडे दिसत होते.

मग रीतीप्रमाणे मेंढा कापला. गल्लीत मांस वाटलं, बायका गाडीभोवती जमल्या. सनिय्याने उजवा हात रक्तात बुडवला, अल्लाहचं नाव घेतलं आणि बॉनेटच्या मधोमध दाबून धरला. नजर लागू नये म्हणून आमच्याकडे असा पंजा उमटवतात. तिने हात उचलला तेव्हा पाचही बोटं स्पष्ट उमटली होती. करंगळी जरा वाकडी, लहानपणी दारात सापडलेली. बायकांनी आनंदाने जिभेचा लांब सूर काढला. नादिरने आईच्या कपाळाचं चुंबन घेतलं, तर ती म्हणाली, "लांब हो, कपडे भरतील."

रक्त उन्हात रंग खातं. बयूमी हे प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत असे: पंजा उमटवा, फोटो काढा, पण दिवस मावळायच्या आत धुऊन टाका, नाहीतर त्याची छाप कायमची राहील. त्या दिवशी दुपार कलल्यावर, अस्रच्या नमाजानंतर, माणसं जेवून पांगली होती आणि सनिय्या वर भांड्यांत गुंतली होती, तेव्हा तो गार पाणी आणि मऊ फडकं घेऊन आला. आधी भिजवलं, मग टिपलं, मग पिशवी घालून हात फिरवून पाहिला. बॉनेट पहिल्यासारखं झालं. सकाळी मुलाला पहिल्या फेरीला निरोप द्यायला सनिय्या खाली आली आणि गाडीपुढे क्षणभर थांबली. मग नादिरच्या हातात भाकरीचं पुडकं दिलं. मी एवढंच पाहिलं.

पुढच्याच आठवड्यात सुखनाच्या रस्त्यावर, तिन्हीसांजेला, दिवे नसलेला एक ट्रक वळणावर उभा होता. गाडीत त्या वेळी प्रवासी नव्हते. नादिर एकटाच होता.

नादिरच्या मातमाच्या दिवशी, दुखवट्याला जमलेल्या बायकांच्या खोलीत कुणीतरी हळू आवाजात म्हणालं, पंजा तरी राहू द्यायचा होता. कुणी म्हणालं, पुसला म्हणतात, बापानेच पुसला. दार उघडं होतं आणि बाहेर जिन्यात बयूमी पुरुषांना बिनसाखरेची कॉफी देत उभा होता. त्याच्या हातातला ट्रे मी पाहिला. एकही कप हलला नाही. पण तेव्हापासून तो माणूस आतून थांबला.

सनिय्याने त्याला एका शब्दाने दोष दिला नाही, आणि तोच त्याचा छळ झाला. ती स्वयंपाक करी, त्याच्या औषधांची आठवण ठेवी, गॅसचा सिलिंडर संपल्याचं सांगे. पण खाली येणं तिने सोडलं. चहा आता दोरीला बांधलेल्या टोपलीतून उतरे, बाल्कनीतून तिचे फक्त हात दिसत. टोपली येताना बयूमी वर बघायचा. एकच गोष्ट त्याला जाणून घ्यायची होती: मुलगा माझ्यामुळे गेला असं हिला वाटतं का? विचारायची त्याची छाती झाली नाही. हो म्हणाली तर त्यानंतर त्या घरात झोपायचं कसं?

तो मशिदीतल्या शेखांकडे गेला. परतताना माझ्या खिडकीशी थांबला.

"शेख म्हणाले, पंज्यात काही नसतं, बयूमी. सगळं लिहिलेलं असतं," तो म्हणाला. "बरोबरच आहे. पण बाई, पंज्यात काही नव्हतं, तर मला तो पुसायची एवढी घाई का झाली?"

मी त्याला आत बसायला सांगितलं, तो बसला नाही.

तेव्हापासून त्याने पंज्याला हात लावला नाही. रक्त वाळलेल्या गाड्या त्याच्याकडे येतच राहिल्या, लोकांची रीत काही बदलत नाही. तो दारं, छत, मागची बाजू, सगळं चकचकीत करी आणि पंज्याभोवती वीतभर जागा सोडून देई. ज्याने लावला त्याने पुसावा, एवढंच सांगे. कुणी हसत, कुणी वैतागत. एका शोरूमवाल्याने त्याच्याकडे गाड्या पाठवणं बंद केलं, तरी त्याने हट्ट सोडला नाही. सावलीतलं काम कमी होत गेलं. मातीचा गोळा वाळून कडक होऊ नये म्हणून तो रिकाम्या दुपारीही मळत बसे.

असं बरीच वर्षं चाललं. मग गेल्या वसंतात, खमासीनचा धुळीचा वारा ओसरल्यावर, पोर्ट तौफीककडचा एक तरुण पांढरी गाडी घेऊन आला. हिशाम नाव. दुसऱ्या दिवशी त्याच्या बहिणीचं लग्न होतं आणि नवरीला याच गाडीतून न्यायचं होतं. बॉनेटवर आदल्या दिवशीचा पंजा होता, कडेने काळपट झालेला. मी खिडकीत मुलूखियाच्या भाजीची पानं निवडत बसले होते.

बयूमीने पंजा पाहिला आणि फडकं खांद्यावर टाकलं. बाकीची गाडी करून देतो, म्हणाला. हिशामने आधी विनवलं, मग त्याचा आवाज चढला. त्याने दोन ठिकाणी विचारलं होतं, दोघांनीही बयूमीचंच नाव सांगितलं होतं. तो म्हणाला, "उस्ता, तुम्ही रंगाचे डॉक्टर म्हणून आलो. डॉक्टर म्हणतो मी नाकच बघणार, कान नाही, असं झालं हे."

बयूमी नळाशी उभा राहिला. नळाखाली पाण्याची परात भरलेली होती. त्याने ती उचलली, गाडीपर्यंत आणली आणि तशीच परत खाली ठेवली. ऊन भिंतीवरून उतरून बॉनेटला टेकलं होतं. त्याला डाग बसताना दिसत होता. तसा तो माझ्यासारखीलाही दिसत होता.

जिन्यात चपला वाजल्या. सनिय्या खाली आली, ओढणी घाईने गुंडाळलेली, हातात घरातलं जुनं सुती फडकं. इतक्या वर्षांत ती भाजीला गेली, दवाखान्यात गेली, पण या सावलीत पाय टाकला नव्हता. तिने नवऱ्याकडे पाहिलं नाही. हिशामला विचारलं, "हात कुणाचा?"

"आजीचा."

"तिला विचारलंस?"

"तिनेच पाठवलं. म्हणाली, लग्नात रक्त नको दिसायला. माझं काम झालं, आता धू."

सनिय्याने फडकं परातीत बुडवलं, पिळलं आणि पंज्यावर पसरून ठेवलं. बयूमी दोन पावलं पुढे आला.

"घासू नकोस," तो म्हणाला. "भिजू दे आधी."

"रक्ताचे कपडे मी तुझ्याआधीपासून धुते," ती म्हणाली.

मग दोघं त्या फडक्याच्या दोन बाजूंना उभे राहिले. हिशाम मागे सरकून भिंतीशी गेला. सनिय्या फडक्यावर तळवा दाबून बोलली, आवाज न चढवता, घरातलं काही सांगावं तसं.

"बायका बोलल्या ते तू ऐकलंस, मला ठाऊक आहे. माझ्या मनात ते एक दिवसही नव्हतं. ट्रकला दिवे नव्हते. माझा हात काय दिवा होता?"

बयूमीला आधी समजलंच नाही. मग त्याने विचारलं, "मग खाली का येत नव्हतीस?"

"हात माझा होता, बयूमी. माझ्या मुलाच्या गाडीवर. सकाळी येऊन बघते तर बॉनेट कोरं. मला हाक मारायची होतीस. तीन मजले काय लांब होते? मीच पुसला असता."

"डाग पडला असता," बयूमी म्हणाला. आयुष्यभर तो हेच सांगत आला होता.

"पडला असता तर पडला असता. त्या गाडीचं पुढे काय राहिलं?"

गल्लीत कुठेतरी गॅसवाला सिलिंडर वाजवत जात होता. सनिय्याने फडक्याचं टोक उचलून पाहिलं. बोटांची टोकं सुटत होती, तळव्याचा मधला भाग अजून धरून होता. तिने फडकं परातीत बुडवून काढलं, आणि पाणी लाल झालं.

"पाणी बदल," ती म्हणाली.

बयूमीने परात उचलली आणि नळाखाली धरली. लाल पाणी ओतलं, नवं सोडलं. परात भरली, काठावरून वाहू लागली, त्याच्या बाह्या भिजल्या, तरी तो नळ बंद करत नव्हता. त्याची पाठ हलत होती. सनिय्या वळली नाही. रिकामा हात पत्र्यावर टेकून ती उभी होती, जिथे उन्हाने रंग किंचित ओढला होता आणि एका अनोळखी म्हातारीच्या हाताची पुसट कड आता तशीच राहणार होती.

हिशामने माझ्याकडे पाहिलं. बिचाऱ्याला निघावं की थांबावं ते कळत नव्हतं. मी त्याला खुणेने आत बोलावलं, मुलूखियाची परडी बाजूला सारली आणि चहाचं आधण ठेवलं.